ओल कधी दिसते ते आधी विचारा

नमस्कार मंडळी. मृग आता आठ-दहा दिवसांवर आलाय. विषय आहे घराचा माळा, त्याच्या डोक्यावरचं छत आणि तिथे धरणारी ओल. माळ्यावर आपण चढतो ते दिवाळीच्या साफसफाईला, नाहीतर बियाण्याच्या शेंगा काढायला. मधल्या काळात वर काय चाललंय, ते खाली पिवळा डाग उमटेपर्यंत कळत नाही. डाग उमटला की गवंड्याला बोलावून बोट दाखवतो, "इथं गळतंय, इथं सिमेंट मार." तो मारतो. पुढच्या पावसात डाग दोन हात बाजूला उमटतो.

असं का होतं? पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. लाकडाच्या उतारानं, पत्र्याच्या नळीतून, स्लॅबमधल्या विजेच्या पाइपातून ते आठ-दहा फूट सहज सरकतं. म्हणून "ओल कुठे आहे" या प्रश्नानं सुरुवात केली की पैसे बहुतेक चुकीच्या जागी जातात. "ओल कधी दिसते" इथून सुरुवात करा.

पाऊस सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत टपकायला लागलं, तर वाट सरळ आहे: पत्र्याचं भोक, फुटलेला सांधा, तुंबलेली पन्हळ. पाऊस थांबून दीड-दोन दिवस झाल्यावर छत काळवंडायला लागलं, तर पाणी कोब्यात, म्हणजे छतावर घातलेल्या सिमेंटच्या थरात, किंवा मातीच्या थरात मुरून राहिलंय आणि तिथून हळूहळू झिरपतंय. साध्या पावसात कोरडं आणि वाऱ्याच्या पावसातच ओलं होत असेल, तर छताचा विचार सोडा, कठडा आणि भिंतीची बाजू बघा. यातही एक बारकावा आहे. मृगापासून भाद्रपदापर्यंत आपल्या मराठवाड्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, नैऋत्येचा असतो. हस्ताच्या पावसात, म्हणजे परतीच्या पावसात, वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून, कुठूनही येतो. चार महिने कोरडी राहिलेली पूर्वेची भिंत एका हस्ताच्या पावसात भिजली, तर फट त्या भिंतीत जुनीच आहे. तिला वारा त्या दिवशी मिळाला, एवढंच.

पाऊस नसतानाही ओल वाढते, त्याची वेळ तर फारच बोलकी असते. आपल्या बऱ्याच गावांत नळाला पाणी चार दिवसांनी, आठ दिवसांनी येतं. मोटार लावून गच्चीवरची टाकी भरायला ठेवतो, झोप लागते आणि टाकी तासभर वाहत राहते. छतावरची ओल नळाच्या दुसऱ्या दिवशी वाढत असेल, तर गळतीचं नाव पावसाला देऊ नका. कॅलेंडरवर नळाचा दिवस लिहायची सवय बहुतेक घरांत असतेच, त्याच्याच शेजारी "ओल" असं लिहा. महिनाभरात दोन्ही खुणा सोबत पडतात का ते दिसेल.

आणि शेवटची वेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारीची पहाट. आभाळ निरभ्र, महिनाभर पावसाचा थेंब नाही आणि पत्र्यातून अंथरुणावर टिपटिप पाणी. हा प्रकार नीट समजून घेऊ, कारण यात सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

हवेत पाण्याची वाफ कायम असते. हवा गरम असेल तर जास्त वाफ धरते, थंड झाली की कमी. ३० अंशांची हवा एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते, २० अंशांची १७ ग्रॅम आणि १० अंशांची फक्त ९. आता परभणीतली, उदगीरची थंडी डोळ्यांपुढे आणा. बाहेर पारा आठ-दहा अंशांवर. पत्रा रात्रभर उघड्या आभाळाकडे तोंड करून उष्णता फेकत असतो, म्हणून तो बाहेरच्या हवेपेक्षाही थंड पडतो. सकाळी मोटारसायकलच्या सीटवर दव दिसतं, तेच कारण. आत दारं-खिडक्या लावून चार माणसं झोपलेली. खोलीतली हवा २० अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरा. अशी हवा साडेचौदा अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूला टेकली की तिच्यातलं पाणी सुटतं. पत्रा तर दहाच्याही खाली गेलेला. गरम हवा वर जाते, पत्र्याला लागते, थेंब धरतात, थेंबाला थेंब मिळून उतारानं वाशापर्यंत सरकतात आणि तिथून खाली.

एवढं पाणी येतं कुठून? आपल्यातूनच. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं, आठ तास: सव्वा लिटर. त्यात स्वयंपाकघर मिळवा. गॅस जळताना पाणी तयार होतं, हे फारसं कुणी मोजत नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडी जास्त वाफ निघते. १४.२ किलोचं एक सिलिंडर संपलं म्हणजे घरात सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन सुटलं. सिलिंडर महिनाभर पुरत असेल तर रोज पाऊण लिटर. भाताची, वरणाची वाफ वेगळी. आंघोळीच्या गरम पाण्याची, घरात वाळत घातलेल्या कपड्यांची वेगळी. पत्र्याखाली माळा असेल आणि त्याच्या फळ्यांना फटी असतील, तर ही सगळी वाफ तिथे जाऊन अडकते. खालच्या माणसाला पत्रा दिसत नाही, त्यामुळे आधी फळ्यांवर ठेवलेली पोती, गाद्या, कागद भिजतात आणि पुष्कळ उशिरा थेंब खाली येतो.

अशा वेळी पत्र्यावर डांबर थापून काही उपयोग नाही. भोकच नाही, तर बुजवणार काय? वाफ बाहेर काढायची असते. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत एक्झॉस्ट फॅन लावा, त्याचं तोंड थेट घराबाहेर काढा. बऱ्याच ठिकाणी चिमणीचा पाइप माळ्यावर नेऊन तिथेच सोडून दिलेला असतो. म्हणजे सगळी वाफ जिथे नको तिथे नेमकी नेऊन सोडली. माळ्याला समोरासमोरच्या भिंतींत दोन तरी झरोके हवेत, एक खाली आणि एक वर, म्हणजे हवा फिरते. मापाचा अंदाज असा की माळ्याचं जितकं क्षेत्रफळ, त्याच्या दीडशेव्या भागाइतकी मोकळी जागा. ३०० चौरस फुटांच्या माळ्याला एकूण दोन चौरस फूट, अर्धी खाली आणि अर्धी वर. जाळी लावलीत तर जाळीच्या तारांनी जी जागा खाल्ली, तेवढा झरोका मोठा घ्या. चिमण्या-उंदीर आत येऊ नयेत म्हणून जाळी हवीच. बाहेरून तिरक्या पट्ट्या ठेवल्या की पावसाची झड आत येत नाही.

पत्र्याखाली फोमची शीट लावतात. पत्र्याची आतली बाजू थंड राहू नये, यासाठी ती चांगली. पण सांधे टेपनं पूर्ण बंद झाले पाहिजेत. फट राहिली की गरम हवा फोमच्या मागे शिरते, तिथे पाणी सुटतं आणि फोम आणि पत्र्याच्या मधे महिनोन्महिने साठून राहतं. खालून सगळं छान दिसतं आणि वर पत्रा आतून गंजतो. उरलेला प्लास्टिकचा कागद खिळ्यांनी ठोकून "छत" करणाऱ्यांचंही हेच होतं. कागदाला पोट येतं, पोटात पाणी साठतं.

पत्रा खरोखर गळतोय की घामेजतोय, हे ओळखायला गंज बघावा. घामाचा गंज सगळीकडे सारखा असतो: आतल्या बाजूनं सगळ्या स्क्रूंची टोकं लालसर, लोखंडी पाइपाच्या वरच्या कडेला ठिपके. गळतीचा गंज एका जागेपासून सुरू होतो आणि उतारानं एक लांब ओघळ खाली येतो. ओघळाच्या वरच्या टोकाला स्क्रू किंवा सांधा असतोच.

गळणाऱ्या पत्र्यात चुका त्याच त्या असतात. स्क्रू नळीच्या खोलगट भागात मारलेला असतो. पाणी वाहतं तिथेच भोक. तो कायम उंचवट्यावर हवा. रबराचा वॉशर उन्हानं कडक होऊन तडकतो. स्क्रू फार आवळला तर वॉशर चेपून बाहेर येतो, सैल ठेवला तर बसतच नाही. दाबून किंचित पसरला की थांबायचं. पत्रा उन्हात वाढतो, रात्री आखडतो. बारा फुटी पत्रा ४० अंशांच्या फरकानं पावणेदोन मिलिमीटर हलतो, आणि रोजच्या या हालचालीनं स्क्रूचं भोक लांबट होत जातं. दोन पत्र्यांचा एकमेकांवरचा लांबीतला चढाव निदान सहा इंच आणि रुंदीतला दीड ते दोन नळ्यांचा हवा. उतार उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर पत्रे बसवायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करावी, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्यासमोर सांध्याची उघडी कड येत नाही. उतार दहा फुटांना पावणेदोन फुटांपेक्षा कमी असला, की दोन पत्र्यांच्या चिमटीतून पाणी उलटं वर चढतं आणि मागून आत पडतं.

आणि पत्र्यावर ठेवलेले दगड. वावटळीत पत्रे उडू नयेत म्हणून आपण ठेवतो, कारण समजण्यासारखं आहे. पण दगड पत्र्यावरचं जस्त खरवडतो, त्याच्याखाली माती आणि ओल धरून राहते, आणि तीन-चार पावसाळ्यांत बरोबर दगडाच्या मापाची चाळण होते. वाऱ्याची भीती असेल तर स्क्रूंची संख्या वाढवा, कडेच्या ओळीत प्रत्येक दुसऱ्या उंचवट्यावर स्क्रू घ्या. दगड उतरवा.

आता माळवदाकडे, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताकडे येऊ. धाब्याची घरं कमी होत चालली, तरी धाराशिव, बीड, लातूर, नांदेडच्या जुन्या गावठाणांत अजून पुष्कळ नांदती आहेत. खांब, त्यावर तुळई, तुळईवर सर म्हणजे आडवे वासे, सरांवर किलच्या म्हणजे छोट्या लाकडी पट्ट्या, त्यावर निंबाचा नाहीतर पळसाचा पाला, आणि वर माती. वरचा थर पांढरीच्या मातीचा. शेतातली काळी माती वापरत नाहीत, कारण ती वाळली की हातभर भेगा पडतात. जुन्या गावठाणातली पांढरी माती बारीक आणि क्षारांची. क्षारांमुळे तिचे कण ओलीत विखुरतात आणि बारीक भोकं बुजवून बसतात. म्हणून चांगल्या चोपलेल्या माळवदावरून पाणी आत न शिरता पन्हळीकडे वाहत जातं. हे सगळं दरवर्षीच्या निगराणीवर चालतं. गवत उपटायचं, मुळांच्या वाटा बुजवायच्या, उंदीर-मुंग्यांची बिळं उकरून पुन्हा भरायची, नवी माती घालून धुमसानं, म्हणजे जड चोपण्यानं, चोपायची, पन्हळी साफ करायच्या, सवण्याभोवतीची, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकाभोवतीची, कड उंच करायची.

घोळ होतो तो नवी माती घालण्यात. गळालं की घाल पाटीभर माती. पुढच्या वर्षी पुन्हा. जुनी कुणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट मातीचा थर असेल तर कोरडंच वजन साडेचार टन होतं. भिजली की त्यावर एक टन आणखी. कितीतरी माळवदांवर थर दोन फुटांचा झालेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरची ही जड माळवदं, दोन्ही झोपलेल्या माणसांवर आली. म्हणून हे आज स्पष्ट बोलायला हवं. माळवदाची गळती वजन वाढवून थांबवायची नसते. जितकी नवी माती घालाल तितकी जुनी आधी उतरवा. थर कुठेही नऊ इंचांच्या पुढे गेला असेल, तर या मे महिन्यात तो कमी करण्याचंच काम घ्या, आणि ते दोन्ही बाजूंनी सारखं करा, म्हणजे तुळईवर एकाच अंगाला भार राहत नाही.

माळवदाची ओल लाकडात शिरते ती भिंतीच्या आत, तुळईचं जे टोक दगडात दडलेलं असतं तिथे. लाकडात वजनाच्या २० टक्क्यांच्या आत पाणी असेल तर त्याला कूज लागत नाही. त्याच्या बरंच वर गेलं आणि तसंच राहिलं, की कुजवणारी बुरशी धरते, पाठोपाठ वाळवी येते. वरून तुळई धडधाकट दिसते. म्हणून टोचून बघायचं. स्क्रूड्रायव्हर किंवा टोकदार आर घ्या आणि तुळई जिथे भिंतीत शिरते त्या जागी दाबा. चांगल्या सागवानात, बाभळीत टोक जेमतेम रुतेल. पाव इंचाहून जास्त सहज गेलं किंवा लाकूड तंतू न निघता चौकोनी तुकड्यांनी तुटलं, तर तिथे कूज आहे. हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज लगेच वेगळे कळतात. पोकळ लागलं तर त्या छतावर कुणी चढायचं नाही, खालून आधी टेकू द्यायचा.

माळवदावर सिमेंटचा कोबा करून टाकणं, हा अलीकडे रुळलेला उपाय फार वाईट आहे. खालची माती आणि लाकूड हलतं, कोबा हलत नाही, मग तो तडकतो. तड्यातून पाणी आत जातं, पण वर सिमेंटचं झाकण असल्यानं ते वाळत नाही. उघडं माळवद भाद्रपदातल्या उघडिपीत आठ दिवसांत वाळलं असतं. झाकलेलं माळवद दिवाळीपर्यंत आतून ओलं राहतं. पांढऱ्या मातीखाली जाड प्लास्टिक घालतात त्यात तेवढा धोका नाही, कारण पाणी वरच अडतं, पण उतार नीट हवा आणि कडेला प्लास्टिक पन्हळीच्या बाहेर आलेलं हवं.

स्लॅबच्या घरांत माणसाला वाटतं, आता सुटलो. पण तिथली गोष्टही वजनाचीच आहे. कोबा गळाला की त्यावर दुसरा कोबा. चार इंचांचा एक कोबा चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरतो. दुसरा घातला की चारशे. गळका कोबा पूर्ण काढून नवा करा, नाहीतर काढू नका आणि त्याच्या भेगा दुरुस्त करून वर लेप द्या. तिसरा मार्ग नाही.

स्लॅबला भेग पडण्याची मराठवाड्यातली दोन मोठी कारणं. पहिलं ऊन. मे महिन्यात दुपारी गच्चीवर हात टेकवत नाही, पहाटे तीच गार असते. ३३ फुटांचा स्लॅब ३० अंशांच्या फरकानं तीन मिलिमीटर वाढतो-आखडतो. स्लॅब हलतो आणि कठड्याची भिंत त्याच्याबरोबर तेवढी हलत नाही, म्हणून पहिली भेग कठड्याच्या बुडाशीच पडते. तिथे काटकोन न ठेवता चार इंचांची गोलाई करायची, ती याचसाठी. दुसरं कारण आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आखडते आणि पाया खाली-वर होतो. खोलीच्या कोपऱ्यात तिरपी भेग, उन्हाळ्यात रुंद आणि श्रावणात बंद होणारी, असेल तर ती मातीची भेग. तिच्यात कडक सिमेंट भरलं तर पुढच्या वर्षी ती शेजारी उघडते. तिथे ताणता येणारं सीलंट हवं. पायाभोवती सांडपाणी मुरत असेल तर आधी ते लांब न्या.

गच्चीचा उतार शंभराला एक तरी हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. दर ४०० चौरस फुटांना एक चार इंची पाइप धरा. दीड-दोन इंची पाइप टाकून पैसे वाचवलेले असतात आणि एक प्लास्टिकची पिशवी त्याला बंद करते. महसुलाच्या भाषेत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढ्या पावसात ३,६०० लिटर पाणी पडतं. ते कुठून जाणार, हे आजच गच्चीवर उभं राहून बघा. आणि सोलरचं स्टँड, डिशचा पाय, झेंड्याचा खांब यांच्यासाठी स्लॅबमध्ये ड्रिल केलेली भोकं शोधा. घरोघरी सोलर बसतंय, चांगलीच गोष्ट आहे, पण स्टँडचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर घ्यायला सांगा. वाऱ्याला ठोकळे किती वजनाचे लागतील, ते बसवणाऱ्याकडून लिहून घ्या.

भेग भरण्याचं काम असं: भेग छिन्नीनं इंग्रजी व्ही आकारात अर्धा इंच खोल उघडायची, ब्रशनं धूळ काढायची, सीलंट किंवा पॉलिमर मिसळलेला मसाला भरायचा, वर सहा इंच रुंद जाळीची पट्टी आणि मग लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या गच्चीवर लेप लावला तर तो वरून लगेच सुकतो, खाली फोड येतात. ओल्या गच्चीवर लावला तरी फोडच. म्हणून हे काम मृगाच्या आधीच संपलं पाहिजे.

आज मे महिन्यात ओल दिसणार नाही, खुणा दिसतील. त्या वाचता येतात. दुपारी बाराला माळ्यावर चढा, दार-झरोके बंद करा, दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. पत्र्यात सुईएवढं भोक असलं तरी चांदणीसारखं चमकेल. त्याला आतून खडूनं गोल करा. मग बॅटरी पेटवून धुळीकडे बघा. धुळीत बारीक खळगे आणि भोवती कडी असतील तर तिथे थेंब पडत होता. लाकडावर एकात एक अशा तपकिरी कडा असतील तर जितक्या कडा, साधारण तितक्या वेळा भिजून वाळलंय. भिंतीवर मीठ फुलल्यासारखा लोणा म्हणजे पाणी भिंतीतून आलं आणि क्षार वर सोडून उडून गेलं. स्लॅबखाली सरळ रेषेत तपकिरी डाग हे सळईच्या गंजाचे असतात. ते गंभीर घ्या, कारण गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि प्लास्टर, मग काँक्रीट, आतून फोडतो. कोंदट वास, गुंडाळलेल्या पोत्यावर हिरवट-काळे ठिपके, मातीच्या बारीक नळ्या: बुरशी आणि वाळवी. बुरशी कोरड्या झाडूनं झाडू नका, ती उडून श्वासात जाते आणि दम्याच्या माणसाला त्याच दिवशी त्रास होतो. तोंडाला मास्क, ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं फेकून द्यायचं.

डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. डाग जुना आणि थांबलेला आहे की वाढतोय, हे विचारायला मग कुणाची गरज पडत नाही.

गच्ची पाणी भरून तपासायची म्हटली तर ६०० चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे २,८०० लिटर. टंचाईच्या दिवसांत कुणी करणार नाही, करूही नये. संशयाच्या जागी चार बाय चार फुटांचं मातीचं किंवा मसाल्याचं आळं करा, पंच्याहत्तर लिटर, म्हणजे पाच बादल्या पाणी भरा आणि २४ तास थांबा. भांड्यांचं पाणी चालेल. खालून ओल आली तर जागा पकडली. नाही आली तर आळं तीन फूट सरकवा. उताराच्या खालच्या टोकाकडून सुरुवात करून वर जायचं, नाहीतर वरून वाहून आलेलं पाणी गोंधळात टाकतं.

ओल स्लॅबमधून येते की खोलीतल्या हवेतून, हे कळण्यासाठी छताच्या आतल्या बाजूला दोन फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी टेपनं घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या मागे थेंब असतील तर पाणी स्लॅबमधून येतंय. पुढच्या, आपल्या बाजूला थेंब असतील तर हवेतून. पाच रुपयांचा प्रयोग आहे, पण हजारो रुपयांचं चुकीचं काम वाचवतो.

कामाचा क्रम कृपा करून उलटा करू नका. आधी पाणी थांबवायचं. मग हवा खेळती करायची. मग वाळू द्यायचं, निदान तीन-चार आठवडे. रंग सगळ्यात शेवटी. ओल्या छताला आतून ओलप्रतिबंधक रंग लावला तर पाणी आतच कोंडतं, आणि सळईला गंज लावायला त्याला वर्षभर मिळतं. पीओपीचं नाहीतर पीव्हीसीचं खोटं छत लावणं तर डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखं. पावसाळ्यात माळ्याचे झरोकेही अक्कलहुशारीनं उघडायचे. झड सुरू असताना बाहेरची हवाच ओली, ती आत घेऊन काय वाळणार? उघडीप पडली की सकाळी अकरा ते चार उघडा, संध्याकाळी बंद करा.

विजेबद्दल दोन वाक्यं, पण ती घरी गेल्यावर आधी पाळा. पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पॉइंटातून पाणी टपकलं, तर खाली बादली ठेवण्याआधी मेन स्विच बंद करा. पत्र्याखालून गेलेली वायर उघडी किंवा उंदरांनी कुरतडलेली असेल तर पूर्ण पत्र्यात, त्याच्या लोखंडी पाइपात, त्याला बांधलेल्या कपड्यांच्या तारेत करंट उतरतो. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघा.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: "सोयाबीनचं घरचं बियाणं माळ्यावर ठेवतो, उगवण कमी होते, ओलीमुळेच का?" बहुधा हो, आणि उन्हामुळेही. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारची भट्टी आणि पहाटेचा दमटपणा, दोन्ही त्याला लागतात. बियाणं १२ टक्क्यांच्या आत वाळवून, ज्यूटच्या पोत्यात, भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर, तळघरात नव्हे आणि पत्र्याखालीही नव्हे, तर घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत ठेवा. पेरणीला अजून दिवस आहेत. आज रात्री शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, रोज थोडं पाणी शिंपडा, पाच-सहा दिवसांनी मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरा. त्याहून थोडे कमी भरले तर एकरी बियाणं त्या प्रमाणात वाढवा. साठच्या खाली गेले तर ते बियाणं म्हणून वापरू नका.